मागचं चाक, मागचं साल

माणूस स्वतःचं वय चोरतो आणि गाडीचं वाढवून सांगतो. कोल्हापुरात हे रोज बघायला मिळतं. मिशीला कलप लावून सकाळी रंकाळ्याला फेरी मारणारा गृहस्थ जन्मसालाचा विषय निघाला की तिसऱ्याच गोष्टीवर घसरतो. पण त्याच्या बुलेटचा विषय काढा, साल न विचारताच सांगेल. सोबत चासी नंबर, इंजिन नंबर आणि पहिल्या मालकाचं गाव. वर "ऐकून काय कळणार, बघायलाच या" म्हणून घरी नेईल आणि चहा गाडीशेजारी उभं राहून पाजेल.

माझा एक मित्र याच पंथातला. त्याचं नाव इथं देण्यात अर्थ नाही, कारण शिवाजी उद्यमनगरात त्याला नावानं कोणी ओळखत नाही. तिथं खिशातून पैसे निघण्याची शक्यता असलेल्या प्रत्येक माणसाला 'मालक' म्हणतात. तर या मालकांची बुलेट १९७१ ची. साडेतीनशे सीसी, उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक, म्हणजे आजच्या दुनियेच्या बरोबर उलट. गिअरसुद्धा एक वर आणि तीन खाली. नवख्या माणसाला गाडी दिली की तो ब्रेक समजून गिअर दाबतो आणि गिअर समजून ब्रेक. त्यामुळं ही गाडी कुणी मागायला येत नाही. हा त्या काळच्या इंजिनिअरांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांविरुद्ध करून ठेवलेला बंदोबस्त आहे, असं मालकांचं मत.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांत पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' अशी वेगळी नोंदणी काढली आणि मालकांची झोप उडाली. नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' अशी खास अक्षरं. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००. गाडी मूळ रूपात हवी, तिच्यात मोठा फेरफार झालेला नसावा. आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. ही शेवटची अट मालकांनी जरा दुःखानं घरात वाचून दाखवली. वहिनी भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग आजपर्यंत दुसरीकडं कुठं गेलीय ती?"

अडचण होती मूळ रूपाची. टाकी, दिवा, सीट, मडगार्ड सगळं जागच्या जागी होतं. फक्त मागचं चाक परकं. नव्वदीच्या दशकात कोल्हापुरात मॅकव्हीलची साथ आली होती. ज्याच्या त्याच्या गाडीच्या तारा जाऊन तिथं ओतीव ॲल्युमिनियमचे जाड आरे आले. त्या साथीत या गाडीच्या आधीच्या मालकानं मागचं चाक हबसकट काढून भंगारात घातलं आणि कुठल्यातरी दुसऱ्याच गाडीच्या हबावर मॅकव्हील चढवलं. पुढचं चाक बदलायच्या आत त्याचे पैसे संपले असावेत. त्यामुळं ही बुलेट तीसेक वर्षं पुढून १९७१ ची आणि मागून १९९४ ची अशी फिरत होती. मालकांनी ठरवलं: जुन्या पद्धतीचा हब मिळवायचा, तारांचं १९ इंची चाक बांधायचं आणि गाडीला मागूनही म्हातारी करायची.

इथं त्या हबाबद्दल सांगणं भाग आहे, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्या पोटात आहे. जुन्या बुलेटच्या मागच्या चाकात ब्रेकचा ड्रम आणि चेनचं स्प्रॉकेट हे दोन वेगळे भाग नसतात. बीडाचा एकच ओतीव तुकडा. आतून ब्रेक लायनर घासायचे, बाहेरून चेन फिरायची. हा ड्रम आणि हब यांच्यामध्ये रबरी ठोकळे. इंजिनचा प्रत्येक ठोका चेनवरून येतो तो आधी या रबरांवर पडतो, मग चाकाला कळतो. एनफिल्डनं ही युक्ती पहिल्या महायुद्धाच्याही आधी काढली आणि साडेतीनशे सीसीच्या एकाच सिलिंडरचे हादरे ज्यानं खाल्लेत त्याला ती का काढली ते सांगावं लागत नाही. याहून मोठी गंमत म्हणजे ॲक्सल ओढून काढला की चाक ठोकळ्यांवरून सरकून बाहेर येतं. ड्रम आणि चेन गाडीलाच राहतात. पंक्चर काढायला चेनला हात लावावा लागत नाही. ज्यानं हे काढलं त्याला मी मानतो. मात्र त्याच माणसानं, किंवा त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसानं, स्प्रॉकेटचे दात झिजले की अख्खा ड्रम फेकून द्यावा लागेल अशी सोय करून ठेवली. विलायतेत ते परवडत असेल.

१९४९ ला आपल्याकडं बुलेट आल्या, १९५५ ला मद्रासला कंपनी निघाली. तिकडं रेडिचचा मूळ कारखाना १९६७ ला बंद पडला, इकडं मात्र गाडी थोड्याफार फरकानं तीच निघत राहिली. त्यामुळं सगळ्या देशात एक समज पक्का आहे की बुलेटचं काहीही कुठल्याही सालाला बसतं. उद्यमनगरात तर याची शपथ घेतात. मालक पहिल्यांदा तिथल्या गॅरेजच्या मिस्त्रींकडं गेले आणि काम सांगितलं, तेव्हा मिस्त्रींनी गाडीकडं बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्याच गाडीचा कार्ब्युरेटर पुसत म्हणाले, "बसतंय की!"

हे उद्यमनगरचं ब्रीद. इथं 'होत नाही' हा शब्द चालत नाही. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेराच स्वतः उभा केला आणि १९२० साली त्यावर 'सैरंध्री' उतरवला, ज्या गावातले फिटर अजून म्हादबा मेस्त्रींचं नाव निघालं की कानाच्या पाळीला हात लावतात, त्या गावात एक हब बसत नाही असं म्हणायची कुणाची छाती आहे? फक्त 'बसतंय' आणि 'बसलं' यांच्यामध्ये किती चहा होतात, ते तिथं आधी सांगत नाहीत.

पहिला प्रश्न हब आणायचा कुठून. दिल्लीच्या करोल बागेत बुलेटचा अख्खा बाजार आहे, तिथून नवा बनवलेला जुना हब मिळतो असं एकानं सांगितलं. नवा बनवलेला जुना हे ऐकून मालकांना ठसका लागला. पुण्याच्या जुन्या बाजारात एक फेरी झाली. तिथून मालक एक पितळी अडकित्ता घेऊन आले. शेवटी हब गावातच एका भंगारवाल्याकडं, ऑइल इंजिनच्या फ्लायव्हीलखाली सापडला. ड्रमसकट. मालकांच्या डोळ्यात पाणी आलं आणि तिथंच भाव वाढला. लोखंड म्हणून विचारलं असतं तर भंगारवाल्यानं किलोवर दिला असता. बुलेटचा म्हणून विचारला, त्यानं सालावर लावला.

हब गॅरेजमध्ये आला आणि त्याच दिवशी कमिटी बसली. कोल्हापुरात कुठल्याही गॅरेजपुढं एक बाकडं असतं आणि बाकड्यावर कमिटी असते. हिला कुणी निवडलेलं नसतं, पगार नसतो, पण हजेरी सरकारी ऑफिसपेक्षा चांगली. आमच्या कमिटीत एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले एक काका होते. ते प्रत्येक नट हातात घेऊन वजन करायचे आणि "आता असं लोखंड येत न्हाई" म्हणून परत द्यायचे. मोबाइलवर व्हिडिओ बघून सल्ला देणारा एक कॉलेजचा पोरगा होता. त्याच्या व्हिडिओतला गोरा माणूस हातात पांढरे मोजे घालून हब उघडायचा, त्यावर कमिटी हसून हसून लोळायची. आणि एक गृहस्थ असे होते की ते काही बोलायचेच नाहीत. चहा आला की घ्यायचे. ते कोण हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मालकांना वाटायचं मिस्त्रींचे पाहुणे, मिस्त्रींना वाटायचं मालकांचे.

कमिटीचा पहिला ठराव असा की मॅकव्हील ज्यानं बसवलं तो गाढव होता. तो मिस्त्रींनी स्वतः मांडला. एकमतानं पास झाला.

ड्रमचे दात पुरते गेले होते. टोकं माशाच्या काट्यांगत निमुळती, एका बाजूला कललेली. म्हणजे लेथ आलं. पार्वती टॉकीजकडून आत वळलं की दोन-तीन गल्ल्यांत काय कापून हवंय ते मिळतं. टर्नर पन्नाशीचा, अंगात बनियन, चष्म्याच्या एका काडीच्या जागी तार. ड्रम चकमध्ये धरून त्यानं मशीन हळू फिरवलं आणि टूलचं टोक ड्रमच्या आतल्या अंगाला जेमतेम टेकवलं. एका ठिकाणी खर्र आवाज आला, मग गप्प, मग पुन्हा खर्र. "अंडाकृती झालाय," एवढंच बोलला. आधी आतून गोल केला, मग बाहेरून दात उडवायला घेतले. पोलादाची साल गुंडाळी होऊन निघते. बीडाची निघत नाही, नुसती काळी भुकटी पडते. ती त्याच्या मनगटावर, भुवयांवर, चहाच्या कपाच्या काठावर सगळीकडं बसली. कप उचलून त्यानं फुंकर मारली आणि प्यायला. एसटीचे काका माझ्या कानात म्हणाले, "लोह कमी पडत न्हाई ह्यांना."

दात उडवून राहिलेल्या गोलावर नव्या स्प्रॉकेटची रिंग चढवायची होती. रिंगचं भोक त्यानं दोन थाऊ कमी ठेवलं, मग ती भट्टीवर तापवली. तापून ती जरा फुगली तशी सांडशीनं उचलून ड्रमवर सोडली. टक् असा एक आवाज झाला आणि दहा मिनिटांत ती अशी आवळली की ड्रम आणि रिंग मिळून एकच ओतलंय असं वाटावं. फिरू नये म्हणून शिवणीवर भोकं पाडून पिना ठोकल्या. मूळ गाडीला ३८ दात, म्हणून कमिटीनं दात मोजायला घेतले. काकांचे ३७ भरले, पोराचे ३९. मग टर्नरनं खडूनं एका दातावर खूण केली आणि दोघांना बाजूला सारून स्वतः मोजले. ३८.

आता इथं मालकांच्या मनात शंका आली. ड्रम जुना, पण दात नवे. मग याला मूळ म्हणायचं का? सरकारचा माणूस बघायला आला तर? दोन रात्री विचार करून त्यांनी मिस्त्रींना विचारलं. मिस्त्री म्हणाले, "मालक, तुमच्या वडलांनी कवळी बसीवली तवा काय त्यास्नी रेशनकार्डातनं काढलं व्हय?"

चाक बांधायचं काम गंगावेशीतल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडं गेलं. मूळ धंदा सायकलचा, पण बुलेटच्या चाकाला गावातले जाणकार त्यांच्याकडंच जातात. तारा ओवून झाल्यावर त्यांनी चाक कातरीत अडकवून फिरवलं आणि रिमेजवळ खडू धरला. रिम जिथं बाहेर होती तिथं पांढरी रेघ उठली. मग निपलला पाव आटा इकडं, अर्धा आटा तिकडं. आउट काढणं हे बघायला फार कंटाळवाणं काम आहे असं मला वाटायचं. ते म्हातारे काम करताना मी तासभर हललो नाही. शेवटी त्यांनी पाना उलटा धरला आणि एकेका तारेवर टिचकी मारत गेले. ताणलेली तार खणखणीत बोलते, ढिली असेल ती बद्द. ज्या गावच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब गायले, तिथं चाकसुद्धा सुरात लावतात यात नवल नाही. एका तारेपाशी ते थांबले, पुन्हा वाजवली, तोंड वाकडं केलं. पाव आटा दिला. पुन्हा वाजवली. मग पुढं गेले. मालकांनी विचारलं, "किती द्यायचे?" त्यांनी सांगितलेला आकडा इतका कमी होता की मालकांनी लाजून दुप्पट दिला आणि तो त्यांनी परत केला.

प्रत्यक्ष बसवायचा दिवस रविवार. कमिटी पूर्ण हजर. मिस्त्रींनी मॅकव्हील काढलं, त्याबरोबर स्विंगआर्मच्या दोन्ही अंगांनी दोन जाड कॉलर खाली पडल्या. मिस्त्री पुन्हा एकदा आधीच्या फिटरच्या खानदानावर घसरले. म्हणाले, "काय कॉलर हायत बगा! चाक बसवलंय का जातं?" मग रबरी ठोकळ्यांना साबणाचं पाणी लावलं, ड्रम जागेवर गेला, चेन चढली. चाक आत सरकवायला गाडी तिरकी करून धरावी लागते, कारण मडगार्डखालनं चाक सरळ जात नाही. ती धरायला कॉलेजचं पोरगं पुढं आलं. दोन मिनिटांत त्याच्या कपाळाची शीर वर आली, पण व्हिडिओतल्या गोऱ्यानं एकट्यानं धरली होती म्हणून त्याला मदत मागता येईना. चहा घेणाऱ्या त्या अबोल गृहस्थांनी मुकाट्यानं उठून दुसरी बाजू धरली. त्यांचं कमिटीतलं तेवढंच योगदान.

ॲक्सल घातला आणि चाक आर्मला घासायला लागलं. "बसतंय की," मिस्त्री म्हणाले, पण आवाज बारीक झाला होता. अर्ध्या सुताचा फरक. एक नवी पातळ कॉलर हवी होती. मिस्त्रींनी शेजारच्या लेथवर पाठवून ती उतरवून आणली, कानशीनं धार मारली आणि सवयीप्रमाणं कडेला पंचनं दोन टिंबं मारली. ही त्यांची खूण. स्वतः केलेल्या प्रत्येक वस्तूवर मारतात, उद्या कुणी दुसऱ्यानं केली म्हणू नये म्हणून.

काकांनी ती कॉलर वजनाला हातात घेतली. मग खाली पडलेली जुनी जाड कॉलर उचलली. तिच्यावरचं ग्रीस पुसलं, चष्मा वर केला आणि दोन्ही कॉलर शेजारी शेजारी धरून शांतपणे विचारलं, "मिस्त्री, ही टिंबं तुमचीच न्हवं?"

बाकड्यावर इतकी शांतता मी त्याआधी ऐकली नव्हती. मिस्त्रींनी कॉलर उजेडात नेली, फिरवून बघितली, अंगठा त्या टिंबांवरून दोनदा फिरवला. मॅकव्हील त्यांनीच बसवलं होतं. नव्वदीत. आधीच्या मालकाकडनं पैसे घेऊन, याच जागी. आम्हाला वाटलं आता हे ओशाळतील. छे! त्यांनी कॉलर खिशात टाकली आणि म्हणाले, "तवा ते बी बसत नव्हतं. म्या बसीवलं."

यावर कमिटीला उत्तर सुचलं नाही. गाढवाचा ठराव कुणी मागं घेतला नाही आणि पुन्हा वाचलाही नाही.

पुढचं भराभर झालं. बुलेटच्या मागच्या ॲक्सलला गोगलगायीच्या आकाराचे कॅम असतात. दोन्हीकडं सारख्या खाचेवर आणले की चाक सरळ, असं पुस्तक म्हणतं. मिस्त्रींचा पुस्तकावर विश्वास नाही. त्यांनी पुढच्या टायरपासून मागच्या टायरपर्यंत सुतळी ताणली, स्वतः रस्त्यावर पालथे झोपले आणि एक डोळा मिटून बघत राहिले. तेवढ्यात गल्लीतून एक रिक्षा आली. ती थांबली. ड्रायव्हर उतरला, तोही शेजारी पालथा झोपला, म्हणाला, "डावीकडं एक खाच घ्या." घेतली. तो उठून निघून गेला.

मग चाचणी. मालकांनी डिकॉम्प्रेशरचा लिव्हर ओढून ॲम्पिअरचा काटा मध्यावर आणला, किक मारली आणि सायबर चौकापर्यंत जाऊन आले. जाताना चेहऱ्यावर सरदारी होती. परतल्यावर थोडी कमी. ब्रेक एका दुकानासमोर दाबला आणि गाडी तिसऱ्या दुकानासमोर थांबली. मिस्त्रींना सांगितलं तर म्हणाले, "नवं लायनर हाय, पाच-सातशे किलोमीटर घासू दे, मग धरंल." मालक म्हणाले, "धरलं की नक्की थांबेल ना?" मिस्त्री म्हणाले, "एकाहत्तरला थांबत हुती तेवढी थांबंल. तुमाला ओरिजिनल पायजे हुतं न्हवं?"

मुद्दा बिनतोड होता. आपल्या देशात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या प्रत्येक नव्या मोटरसायकलला एबीएस सक्तीचं आहे. पाऊस असो, वाळू असो, चाक लॉक होऊ नये म्हणून कॉम्प्युटर बसवलेला असतो. मालकांच्या चाकाला लॉक होण्याचा धोकाच नाही. सहा इंचांच्या ड्रमाला तेवढी घाई कधी झालेली नाही. शिवाय या सुधारणेचा, म्हणजे मागं जाण्याचा, एकूण खर्च एका नव्या स्कूटरच्या डाउन पेमेंटएवढा आला. वहिनींना हा आकडा अजून सांगितलेला नाही. हा लेख त्यांच्या हाती पडणार नाही अशी व्यवस्था मालकांनी करावी, मी माझ्याकडून नाव दिलेलं नाही.

नोंदणीचा अर्ज गेला आहे, व्हीएची पाटी यायची आहे. लायनर बसेपर्यंत मालक गाडी रोज सकाळी काढतात. नियमात दुरुस्तीसाठी परवानगी आहेच. तेव्हा उद्यमनगर ते सायबर चौक या रस्त्यावर सकाळी चालणाऱ्या सर्व नागरिकांना विनंती: मागून संथ, जाड ठोके ऐकू आले तर वळून बघत बसू नका. गाडीचं साल विचारू नका. डावीकडं सरका आणि जरा वेळ थांबा. मालकांनी ब्रेक आधीच दाबलेला असतो.